पद्माक्काचे मधले बारा सेकंद

फोन आला तेव्हा मी बेळगावजवळ मच्छ्याला माझ्या मशीनशॉपमध्ये लेथवर होतो. सकाळचे साडेदहा वाजले असतील. सुवर्णा, माझी बायको, फोनवर एवढंच म्हणाली, "आक्का गेल्या. शांत गेल्या. तुम्ही गाडी सावकाश चालवत या." मी मशीन बंद केलं, हात पुसले आणि बाहेरच्या पायरीवर जरा वेळ बसलो. लिहायला संकोच वाटतो, पण खरं ते सांगतो… त्या पायरीवर मला आधी रडू आलं नाही. आधी सुटल्यासारखं वाटलं. ती दुखण्यातनं सुटली हे तर होतंच; पण नुसतं तेवढंच नव्हतं. माझी बहीण तीन आठवडे आधी गेली असती, तर तिच्याविषयी चार ओळी लिहायचं धाडस मला झालं नसतं.

पद्मावती तिचं नाव. घरात पद्माक्का, शाळेत नुसतं 'बाई'. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. निपाणीजवळच्या खेड्यात आमची तंबाखूची शेती. घरात मराठी, आजोळी कन्नड, आणि भांडण निघालं की दोन्ही एकदम, असं आमचं बालपण. आप्पांनी तिला निपाणीला बी.एस्सी. आणि मग बेळगावला बी.एड. करू दिलं, त्यावरनं भावकीत बरीच बोलणी खाल्ली. पुढं शेजारच्या गावातल्या मराठी हायस्कूलात ती विज्ञान शिकवायला लागली आणि निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिली. लग्न केलं नाही. स्थळं येत होती, ती 'नको' म्हणायची. का नको, हे विचारायची पद्धत आमच्या घरात नव्हती. उंचीनं बुटकी, चालणं भराभर, निऱ्या जरा वर खोचलेल्या, आणि आवाज असा की मैदानाच्या दुसऱ्या टोकाची पोरं हातातली चिंच टाकून द्यायची.

बारा महिने ती सगळं विज्ञान शिकवायची, पण तिचा जीव होता तो भूकंपाच्या धड्यात. चार पानांचा तो धडा. बाकीचे मास्तर एका तासात उरकायचे, आक्का पंधरा दिवस घ्यायची. मला हे कळलं ते एका स्प्रिंगमुळं. मी तेव्हा नुकतंच शॉप टाकलं होतं. एका रविवारी ती एसटीनं आली, चहासुद्धा न घेता म्हणाली, "शांत्या, मला एक स्प्रिंग करून दे. बांगडीएवढी रुंद, आणि ताणली की वर्गाच्या ह्या भिंतीपासनं त्या भिंतीपर्यंत जाईल एवढी लांब." मी करून दिली. पुढच्या रविवारी ती परत घेऊन आली. "ही लई ताठ हाय रं. पलंगाची वाटतीय. मला मऊ पायजे, फुंकर घातली तरी हलणारी." दुसरी केली, ती ताणल्यावर परत आकसेना. तिसरी जमली. ती तिनं आमच्या फरशीवर आडवी ठेवली, एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसऱ्या टोकाला पुढं एक धक्का दिला. वेटोळ्यांची एक गर्दी सरसर माझ्याकडं पळत आली आणि माझ्या हाताला ढुशी बसली. मग तिनं तेच टोक डावी-उजवीकडं हलवलं. आता सापासारखी एक लाट वळवळत आली, जरा सावकाश. "पहिली ढकलत येती, दुसरी हलवत येती," ती म्हणाली. "भिंती पाडती ती बहुतेक दुसरी." पुस्तकात त्यांना प्राथमिक आणि दुय्यम लहरी म्हणतात. आक्काच्या वर्गात त्यांची नावं ढकलणारी आणि हलवणारी अशीच होती, आणि पोरं परीक्षेतसुद्धा तेच लिहायची. तपासणाऱ्यांनी गुण कापले की ती भांडायला जायची.

एकदा कामानिमित्त निपाणीला गेलतो, तेव्हा तिच्या शाळेत डोकावलो. मैदानावर नववीचा वर्ग ओळीनं उभा होता, प्रत्येकाचे हात पुढच्याच्या खांद्यावर. आक्कानं शेवटच्या पोरीच्या पाठीला हलकासा धक्का दिला आणि तो धक्का खांद्याखांद्यानं पुढं पोचला. मग तिनं सगळ्यांना एकमेकांच्या कोपरात कोपर अडकवून शेजारीशेजारी उभं केलं आणि टोकाच्या पोरीला पुढंमागं डोलायला लावलं. सगळी ओळ डुलत गेली. "ही घट्ट जमीन," ती ओरडली. "आता कोपरं सोडा. ही झाली पातळ जमीन. आता डोल बघू!" टोकाची पोर एकटीच डोलत राहिली, शेजारीण जागची हलली नाही. पोरं हसायला लागली. एकीनं विचारलं, "म्हंजे बाई, हलवणारी लाट पातळातनं जातच न्हाई?" "न्हाई." "मग पृथ्वीच्या पोटात पातळ हाय हे असंच कळलं व्हय?" आक्कानं त्या पोरीकडं असं बघितलं की जणू तिनंच तो शोध लावलाय. "व्हय गं. अगदी असंच कळलं. वितळलेलं लोखंड हाय तिथं, आणि ते बघायला कुणी आत गेलं न्हाई."

गावाच्या पलीकडं दगडाची खाण होती. दुपारी भोंगा व्हायचा आणि मग सुरुंग उडायचा. गावकऱ्यांना त्याचा वैताग, आक्काला मात्र ती फुकटची प्रयोगशाळा. मुख्याध्यापकांची परवानगी काढून ती पोरांच्या तीन टोळ्या करायची. एक शाळेच्या पटांगणात, एक देवळाच्या पारावर, एक पार ओढ्यापाशी. प्रत्येक टोळीपुढं पाण्यानं भरलेली परात. एका वर्षी मलाही तिनं पारावर बसवलं. भोंगा झाला. आम्ही सगळे परातीवर वाकलो. आवाज अजून आला नव्हता, तेवढ्यात पाण्यावर बारीक शहारा उठला आणि शेजारची पोरगी मोठ्यानं आकडे मोजायला लागली. एक… दोन… तीन… चौथ्याला 'धुम' झालं. जमिनीतनं निरोप आधी आला होता, हवेतनं नंतर. मग तिन्ही टोळ्यांचे आकडे फळ्यावर. जी टोळी खाणीपासनं जास्त लांब, तिचा आकडा मोठा. भूकंपाच्या दोन लाटांचंही तसंच, असं ती सांगायची. दोघी एका ठिकाणाहनं एकाच वेळी निघतात, एक पळते, एक चालते. जेवढं लांब जाल, तेवढं दोघींच्या मधलं अंतर वाढत जातं.

आणि मग यायचा तिचा खरा प्रश्न. हा मात्र पुस्तकात नव्हता. "पहिली येऊन गेली. दुसरी अजून यायची हाय. ह्या मधल्या वेळात काय करायचं?" वर्ग एका सुरात ओरडायचा, "बाकाखाली बसायचं!" "एवढंच?" "शेजारचीला ओढायचं!" हे ती इतक्या वेळा म्हणून घ्यायची की मला ते जरा अतीच वाटायचं. एकदा म्हटलंही, "आक्का, पोरं काय युद्धावर निघालीत काय?" ती हसली नाही. तिनं स्प्रिंग गुंडाळली आणि पिशवीत ठेवली.

तिचं आणखी एक वागणं आमच्या घरात फार वर्षं सलत राहिलं. आमची मुलगी श्रुती झाली तेव्हाची गोष्ट. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. आक्का नवी साडी नेसून आली, बाळाला अंगठी आणली, सासूबाईंच्या मांडीवरच्या बाळाच्या कानात वाकून नावही सांगितलं. पण सगळ्या बायका तिला म्हणाल्या, आता पाळण्याची दोरी धरा, तर तिनं हात मागं घेतले. "माझे हात गार हाईत," म्हणाली आणि जाऊन दारात उभी राहिली. पाळणा संपेपर्यंत तिथंच. सुवर्णाच्या ते मनाला लागलं. स्वतःला मूल नाही म्हणून दुसऱ्याच्या मुलाचा हेवा, असं तिनं एकदा माझ्याजवळ बोलून दाखवलं. मला कारण माहीत नव्हतं… म्हणजे कारणाचं एक टोक माझ्याकडं होतं, पण ते ह्याच गोष्टीचं आहे हे मला कधी सुचलं नाही.

श्रुती कॉलेजात होती त्या सुमाराला शाळेत खराखुरा धक्का बसला. दुपारचा तास. आधी खिडक्यांची तावदानं थरथरली. आक्का फळ्याकडं तोंड करून होती. ती वळेपर्यंत निम्मा वर्ग बाकाखाली गेलेला. एक पोरगी तेवढी मधल्या वाटेत तशीच उभी. आठच दिवसांपूर्वी कन्नड शाळेतनं आलेली, भूकंपाचा धडा तिनं बघितलाच नव्हता. तिच्या शेजारच्या बाकावरची पोर परत बाहेर आली, "बा इल्ली!" असं कन्नडात ओरडली, म्हणजे इकडं ये, आणि मनगटाला धरून तिला आत खेचलं. मग दुसरी आली. जमीन आडवी हलली, छपरावरनं चार-पाच कौलं खाली आली. त्यातलं एक त्या मधल्या वाटेत पडून फुटलं. खरचटलं कुणालाच नाही. शाळा सुटल्यावर आक्का थेट बेळगावची गाडी धरून आमच्याकडं आली, चपला काढल्या आणि सोफ्यावर बसून हमसून हमसून रडायला लागली. आम्ही घाबरलो. "कुणाला लागलं काय?" "न्हाई रं. कुणालाच न्हाई. ती परत फिरली रं शांत्या… बाहेर आली आणि तिला घेऊन गेली…" हेच ती पुन्हा पुन्हा सांगत होती. आम्हाला वाटलं, भेदरलीय. सुवर्णानं तिला गरम दूध दिलं आणि झोपवलं.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी तिच्या पोटाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी काही लपवलं नाही. दवाखाना जवळ पडावा म्हणून तिला बेळगावात खासबागेतल्या आमच्या घरी आणलं. औषधं चालू होती, पण ती दिवसभर कशाततरी अडकल्यासारखी असायची. विचारलं की, "काय न्हाई," म्हणायची. एका दुपारी मी जेवायला घरी आलतो. तिच्या खाटेशेजारी खुर्चीत बसून मोसंबं सोलत होतो. ती छताकडं बघत म्हणाली, "शांत्या, तुला एक सांगायचं हाय. ऐकून घे, मधी बोलू नकोस."

मी मोसंबं खाली ठेवलं.

"तू सात महिन्यांचा हुतास. आई-आप्पा रानात गेलते. तू पाळण्यात निजलेला, मी भाकरी खात बसलेली. एकाएकी भांडी वाजायला लागली. मला वाटलं मांजर शिरलं. मग उतरंडच हलायला लागली. मी भ्याली बघ… भाकरी टाकली आणि अंगणात पळाली. तुला तसाच ठेवून." "मग थोड्या वेळानं मोठा धक्का आला आणि माजघराची भिंत बसली. तुझ्या बाजूची."

"आक्का," मी म्हटलं, "मला माहीत हाय."

तिनं मान वळवली. इतक्या आजारपणात ती एवढ्या झटक्यात हललेली मी पहिल्यांदाच बघितली. "कुणी सांगितलं?"

"शेजारच्या गौराक्कानं. मी कॉलेजात पीयूसीला होतो तेव्हा. हसत हसत सांगितलं तिनं. 'तुझी आक्का तुला टाकून पळालती, मीच आत जाऊन तुला काढलं, धुळीनं नुसता पांढरा झालतास, पण ओरखडासुद्धा न्हवता.' मीपण हसलो. नंतर विसरूनसुद्धा गेलतो."

"विसरून गेलतास?"

"मग काय करणार? मला काय झालं होतं?"

मग तिला राग आला. खरा, जुना, शाळेतला राग. "चाळीस वर्षं तुला माहीत हाय आणि तू मला सांगितलं न्हाईस?" "तू तरी कुठं सांगितलंस?" "मी कशी सांगणार रं? तुला कळलं तर तू माझं तोंड बघणार न्हाईस असं वाटायचं मला!" "आणि मला कधी आठवलंच तर वाटायचं, तू विसरली असशील, उगाच आठवण कशाला करून द्या." आम्ही दोघं एकमेकांकडं बघत बसलो. दोघंही म्हातारे, दोघांनीही एकमेकांना जपायचं म्हणून एवढी वर्षं एकच गोष्ट लपवलेली. आधी तिला हसू फुटलं, पोटाला हात धरून ती हसायला लागली, मग मीही.

हसणं थांबल्यावर ती हळूच म्हणाली, "पण मी गणित घातलंय रं. भूकंपाचं मूळ घाटापलीकडं हुतं तवा. तिथनं आपल्या गावापर्यंत येताना दोन्ही लाटांच्यात बारा-तेरा सेकंद अंतर पडतंय. बारा सेकंद हुते माझ्याकडं. पाळणा चार पावलांवर हुता. आईनं मला कधी एका शब्दानं विचारलं न्हाई. विचारलं असतं तर बरं झालं असतं."

हे गणित तिनं किती वेळा घातलं असेल, कुणास ठाऊक. कॉलेजात पहिल्यांदा तो धडा वाचला तेव्हा? की त्या आधीपासनंच ती आकडे शोधत होती? मला विचारवलं नाही. मी एवढंच म्हटलं, "आक्का, तू नऊ वर्षांची होतीस. पहिलीच्या मागनं दुसरी येते, हे तुला कुणी शिकवलं होतं?"

तिनं परत छताकडं बघितलं. मग म्हणाली, "कुणीच न्हाई."

"मग?"

"मग… न्हाईच की रं. मला कुठं ठाऊक हुतं?" असं म्हणून तिनं डोळे मिटले. पाणी कानापर्यंत ओघळलं, पण चेहरा मोकळा झाला होता. एवढं साधं उत्तर. तिनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना ते पंधरा-पंधरा दिवस शिकवलं, आणि स्वतःतल्या नऊ वर्षांच्या पोरीला मात्र कधी माफ केलं नाही.

सुवर्णा पेज घेऊन दारात आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. वाटी टेबलावर ठेवून ती खाटेच्या कडेला बसली आणि आक्काचा हात हातात घेतला. "आक्का, मग श्रुतीच्या बारशाला…" "व्हय गं. दोरीला हात लावायचं धाडसच झालं न्हाई." "मला सांगायचं की हो! मी काय काय मनात धरून बसले…" "तू काय धरलंस ते मला कळत हुतं. तेच बरं वाटायचं. शिक्षा मिळाल्यासारखं." सुवर्णा रडली. मग रडता रडताच तिनं आक्काला सगळी पेज भरवली. त्या आठवड्यात पहिल्यांदाच वाटी रिकामी झाली.

आक्काची एक सवय मी अजून सांगितलेली नाही. ती झोपायच्या खोलीचं दार कधी लावून घ्यायची नाही. थंडी असो, डास असोत, पाहुणे असोत, दार सताड उघडं. निपाणीच्या तिच्या घरात दाराला टेकवून एक वीट ठेवलेली असायची, वाऱ्यानंसुद्धा लागू नये म्हणून. आमच्याकडं राहायला आली तेव्हा पहिल्याच दिवशी तिनं वीट मागितली. नातेवाइकांना तो तिचा विक्षिप्तपणा वाटायचा, आम्हीही सवयीनं तसंच धरून चाललो होतो. बाहेरच्या खोलीत टीव्ही लावला की तिला झोप लागायची नाही, पण दार लावू द्यायची नाही ती नाहीच.

त्या दुपारी पेज पिऊन झाल्यावर ती कुशीवर वळली आणि म्हणाली, "शांत्या, ती वीट काढ. दार लोटून घे. बाहेर पोरांचा दंगा लई हाय."

मी वीट उचलली. दार लोटलं. ते इतके महिने लागलं नव्हतं, त्यामुळं चौकटीत जरा अडकलं, मग बसलं. मी आणि सुवर्णा बाहेर उभे राहिलो, ती हाक मारेल म्हणून. हाक आली नाही. थोड्या वेळानं आतनं आवाज आला, म्हणून मी दाराला कान लावला… आक्का घोरत होती.

त्यानंतर तीन आठवडे ती होती. दुखणं होतंच, ते कुठं जाणार? पण ती जेवायची, टीव्हीवरच्या बातम्यांतल्या चुका काढायची, भेटायला आलेल्या विद्यार्थिनींना त्यांच्या पोरांची नावं विचारायची. दुपारी दोन ते चार दार लावून गाढ झोपायची. गेली तीही सकाळी चहा पिऊन, जरा पडते म्हणून.

खोली आता रिकामी आहे. खाट भिंतीला लावलीय, औषधं परत दिली. पण दुपारचे दोन वाजले की सुवर्णा हातातलं काम ठेवून उठते आणि ते दार हळूच लोटून घेते. आत कुणी नाही, हे तिलाही माहीत आहे, मलाही. तरी जेवायला घरी असलो, तर तेवढा टीव्हीचा आवाज कमी करतो.